विषय: सभासद साइटवर फक्त गूगलचं लॉगिन ठेवावं का?

कार्यवाहांकडून:

नमस्कार मंडळी,

सभासद साइटचं नवं रूप जवळपास तयार आहे, लॉगिनचा निर्णय तेवढा राहिलाय. मला वर्षभर सगळ्यात जास्त मेल येतात त्या 'पासवर्ड विसरलो' याच. म्हणून समितीला वाटतं की पासवर्ड ठेवायचेच नाहीत. 'गूगलने साइन इन करा' हे एकच बटण पुरे. आपल्याकडे पासवर्डच नसतील तर चोरीला काय जाणार? शनिवारपर्यंत मतं कळवा.

*

माजी खजिनदारांकडून:

ताई, नमस्कार.

तुमचं अर्धं म्हणणं मला मनापासून पटलं. आपण सगळे हौशी कार्यकर्ते, वेळ मिळेल तसं काम करणारे. आपण लोकांचे पासवर्ड सांभाळूच नयेत. बहुतेकजण एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात. एखादी लहानशी साइट फुटली की चोर तोच पासवर्ड मेलला आणि बँकेला लावून बघतो. गूगलच्या बटणात पासवर्ड गूगलच्याच पानावर टाकायचा असतो. आपल्या साइटकडे येतो तो फक्त सही-शिक्क्याचा निरोप, की ही व्यक्ती अमुक आहे आणि तिची मेल अमुक. शिवाय ज्यांनी गूगलवर दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय फोनवरच्या कोडसारखा आणखी एक पुरावा) लावली आहे, त्यांना तिचा फायदा इथेही आपोआप मिळतो.

माझा विरोध आहे तो 'फक्त' या शब्दाला.

मी बरीच वर्षं कामाच्या खात्यानेच सगळीकडे लॉगिन करत होतो. संगणकावर ते कायम उघडं असायचं, एक बटण दाबलं की झालं. नोकरी संपली त्या दिवशी दुपारी कंपनीने खातं बंद केलं. त्यात कंपनीचं काही चुकलं नाही. संध्याकाळी वडिलांच्या पत्रांचे स्कॅन ज्या साइटवर ठेवले होते तिथे गेलो, नेहमीचं बटण दाबलं, तर उत्तर आलं: हे खाते सापडत नाही. 'पासवर्ड विसरलात?' दाबून पाहिलं. पासवर्ड मी तिथे कधी केलाच नव्हता, आणि नवा करायचा दुवा जाणार होता त्याच बंद पडलेल्या मेलवर. साइट चालू होती, पत्रं जागेवर होती, आणि ती माझीच आहेत हे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. तीन आठवडे पत्रव्यवहार चालला. शेवटी त्या साइटला भरलेल्या वर्गणीची एक जुनी पावती सापडली, तिच्यावरच्या व्यवहार क्रमांकामुळे खातं परत मिळालं. ती पावती नसती तर वडिलांचं अक्षर मला पुन्हा दिसलं नसतं.

मोठ्या कंपन्याही अडखळतात. १४ डिसेंबर २०२० रोजी गूगलची ओळख पटवणारी यंत्रणाच सुमारे पाऊण तास बंद होती. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सहा तासांच्या आसपास गायब होतं. त्या वेळात ज्यांनी फेसबुकच्या बटणाने दुसरीकडे खाती उघडली होती, तेही बाहेरच राहिले. एवढा वेळ थांबता येतं. पण खातंच हातातून गेलं तर त्याच्या भरवशावर उघडलेलं प्रत्येक दार एकदम बंद होतं, आणि ते चोराच्या हाती पडलं तर तीच सगळी दारं त्याला उघडी होतात.

गूगलचं बटण जरूर ठेवा, पण शेजारी दुसरी वाट हवीच.

*

एका सभासदाकडून:

काकांना पूर्ण अनुमोदन. माझे दोन मुद्दे.

सासूबाई आणि मी एकच टॅब्लेट वापरतो. एका साइटवरून मी लॉग आउट केलं आणि निश्चिंत झाले. नंतर सासूबाईंनी तिथलंच गूगलचं बटण दाबलं आणि त्या थेट माझ्या खात्यात गेल्या! साइटमधून मी बाहेर पडले होते, गूगलमधून नाही. हा फरक आपल्या साइटवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवा.

दुसरं, प्रत्येक लॉगिनची नोंद बटणवाल्या कंपनीकडे होते. ज्यांना ते नको असेल त्यांच्यावर सक्ती कशाला?

*

साइटचं काम बघणाऱ्या कार्यकर्त्याकडून:

काका, तुमची मेल दोनदा वाचली. चूक आमच्या आराखड्यातही होती.

आम्ही मेल पत्ता हीच सभासदाची ओळख धरली होती. मेल बदलते. ॲपलचं बटण, जे २०१९ साली आलं, तर मूळ पत्ता लपवून वेगळाच पत्ता देऊ शकतं. मग एकाच माणसाची दोन खाती होतात आणि वर्गणी भरलेलं दुसऱ्याच खात्यात दिसतं. गूगलच्या त्या निरोपात मेलसोबत खात्याचा एक कायमचा क्रमांकही येतो. मेल बदलली तरी तो बदलत नाही. जोडणी त्या क्रमांकाशी करायची, आणि मुळाशी मंडळाचा स्वतःचा सभासद क्रमांक ठेवायचा. त्या एका क्रमांकाला दोन-तीन लॉगिन जोडता येतील.

दुसरी वाट म्हणून मेलवर एकदाच चालणारा दुवा पाठवू, तो दाबला की लॉगिन झालं, म्हणजे पासवर्ड तरीही ठेवावे लागणार नाहीत. मात्र प्रत्येकाने दुसरी मेल नोंदवायलाच हवी, नाहीतर काकांसारखीच अडचण पुन्हा येईल. गूगलकडून नाव आणि मेल एवढंच मागू. संपर्कयादी, कॅलेंडर यांची परवानगी आपल्याला लागत नाही.

*

कार्यवाहांकडून:

काका, पत्रांचं वाचून वाईट वाटलं, आणि ती परत मिळाली हे वाचून तितकंच बरं वाटलं. 'फक्त' काढून टाकला आहे. गूगलचं बटण, मेलवरचा दुवा आणि सक्तीची दुसरी मेल, असं समितीपुढे ठेवते. टॅब्लेटची सूचना लॉग आउटच्या पानावरच येईल.

आज रात्री नोंदवही काढून बसते आहे. ज्यांनी कंपनीच्या मेलवर नाव नोंदवलंय, त्यांची यादी करून एकेकाला फोन करेन. मेल त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही.