मदत हवी आहे: अभ्यासगटातली सोडवलेली गणितं नंतर सापडावीत कशी?

बडोद्यात बीएस्सी भौतिकशास्त्राचा आमचा व्हॉट्सॲप गट आहे. गणितं एकमेकांना छान समजावली जातात, पण उत्तरं शुभेच्छांखाली गाडली जातात आणि परीक्षेआधी तोच प्रश्न पुन्हा येतो.

वहीचा साधा फोटो पाठवला की घातांक पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, ते जमलं. तारांकित संदेश ज्याचे त्यालाच दिसतात, त्याचा गटाला उपयोग नाही.

आता टेलिग्रामवर टॉपिक चालू करून पेपरवार चर्चा ठेवणार आहोत. खर्च नको, मुलींचे नंबर दिसायला नकोत (ती सेटिंग माहीत आहे). अडचण शोधाची: फोटोतली अक्षरं सापडत नाहीत, आणि फोटोखालच्या ओळी कुणी मराठीत लिहितं, कुणी गुजरातीत, कुणी रोमन लिपीत.

पेपर-प्रकरण-वर्ष असा ठरावीक हॅशटॅग पुरेल, की प्रश्नाची पहिली ओळ इंग्रजीत टाइप करायला लावावी? मुलं नेमकं काय पाळतात?