सागाच्या रोपवनातला कार्बन मोजायचाय, सूत्र कुठलं धरू?

सागपान
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी चंद्रपूरकडच्या सागाच्या रोपवनांत किती कार्बन साठलाय ते मोजायचंय. ५, १२, २० आणि ३० वर्षांची चार रोपवनं ठरलीत, परवानगीही मिळालीय. सोबत फीत, झाडाची उंची मोजायचं क्लायनोमीटर आणि एक वनमजूर काका. झाडं तोडायची मुभा नाही. सूत्रं शोधली तर डझनभर सापडली, प्रत्येकाचं उत्तर निराळं. कुठलं धरू? आणि माती किती खोल घेऊ?

जुना वनपाल
ताई, सूत्र मागून बघू, आधी फीत. आपल्याकडे छातीची उंची म्हणजे १.३७ मीटर, परदेशी लेखांत १.३. एका काठीवर खूण करा अन् तीच काठी चारही रोपवनांत फिरवा. उतारावर झाडाच्या वरच्या अंगाला उभं राहून मोजायचं. नेमकी तिथेच गाठ आली तर जरा वर सरका आणि तसं वहीत लिहा.
आमच्याकडे एकदा पोराने घेर लिहून आणला आणि मी तो व्यास समजून भरला. ६३ सेंटिमीटर घेर म्हणजे २० सेंटिमीटर व्यास. सूत्रात व्यासाचा जवळजवळ वर्ग होतो, त्यामुळे लाकूड नऊपट झालं! साहेबांनी विचारलं, हे ॲमेझॉन कुठल्या बीटात आलं?

आकडेमोड्या
सूत्र शाव (Chave) या संशोधकाचं आणि सहकाऱ्यांचं, २०१४ चं घे. लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा ०.९७६ वा घात काढायचा आणि ०.०६७३ ने गुणायचं. जमिनीवरचं कोरडं वजन किलोत मिळतं. वनपालांचं ते २० सेंटिमीटरचं झाड १५ मीटर उंच आणि घनता ०.५७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर साधारण १८९ किलो. त्यातला कार्बनचा वाटा ०.४७ धरून गुणलं की कार्बन ८९ किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये हवं असेल तर पुढे ४४/१२ ने गुण, ३२६ किलो होतात. मुळांचा हिशेब वेगळा.
पण हे सूत्र ४,००४ झाडांवर बेतलंय आणि ती नैसर्गिक जंगलातली, ओळीत लावलेली नव्हेत. शिवाय ५ सेंटिमीटरखालची झाडं त्यात नाहीतच. तुझ्या ५ वर्षांच्या रोपवनात असे काडीपैलवान निघतीलच.

सागपान
मग त्यांचं काय करू? तोडता तर येत नाहीत.

जुना वनपाल
जवळपास विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढणं, कुठे चाललीय ते विचारा. पाडलेली झाडं जागच्या जागी तोला. खोड, फांद्या, पानं वेगवेगळी. प्रत्येकाचा नमुना ओला तोलून पिशवीत घाला, प्रयोगशाळेत वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. अन् पानं झडायच्या आत जा. मार्चात गेलात तर कोरड्या पाचोळ्यात कर्रकर्र करत फिराल, तोलायला झाडावर पान नसेल.

ढेकूळ
मातीबद्दल मी बोलतो. ३० सेंटिमीटर पुरे, आयपीसीसी ही हवामानबदलावरची आंतरराष्ट्रीय समितीही तेवढीच धरते. पण नुसती सेंद्रिय कर्बाची टक्केवारी आणून भागत नाही, त्याच थराचं घनफळ आणि कोरडं वजनही हवं. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती काढायची नळी भेगेत गेली की नमुना वाया.
मला खरी भीती वेगळीच आहे. ५ वर्षांचं रोपवन काळ्या जमिनीवर आणि ३० वर्षांचं मुरमाड टेकाडावर असलं, तर वयाच्या नावाखाली जमीनच मोजशील. त्यात जुन्या रोपवनाची विरळणी झालेली असणार. २ × २ मीटरवर लावलेल्या सागाची २० × २० मीटरच्या चौकटीत मुळात १०० झाडं होती. बाकीची कुणाच्या तरी दारा-खिडक्यांत गेली, तुझ्या वहीत ती येत नाहीत. आधी रोपवनाची नोंदवही मागून बघ.

सागपान
नोंदवही पाहिली. १२ वर्षांच्या रोपवनातला ओढ्याकडचा तुकडा वणव्यात जळून पुन्हा लावलेला निघाला. पाटी एकच, वयं दोन! काका म्हणाले, "मले ठाऊक होतं, तुम्ही इचारलंच नाही."

जुना वनपाल
तो तुकडा सोडा. अन् काकांचं नाव आभारात घाला.