लाट, टूम, पेव आणि प्रवाह

प्रश्न : चित्रपट-नाटकांच्या परीक्षणांत हल्ली सरसकट 'ट्रेंड' हा शब्द आढळतो. 'सध्या ऐतिहासिक चित्रपटांचा ट्रेंड आहे' या वाक्यात लाट, टूम, प्रवाह यांपैकी कोणताही शब्द घातला तर चालेल काय? हे शब्द समानार्थी आहेत काय?

उत्तर : समानार्थी मुळीच नाहीत, आणि समीक्षेत तर ते एकमेकांच्या जागी वापरूच नयेत, कारण यातील प्रत्येक शब्द आपला अभिप्राय बरोबर घेऊन येतो. 'टूम' कोणीतरी काढावी लागते. तिच्यात हौस आणि थोडी थिल्लर नक्कल गृहीत असते. 'पेव फुटले' म्हटले की समीक्षकाचा वैताग उघड होतो. जमिनीतले धान्याचे पेव फुटावे तसा माल भसाभस बाहेर येतो आहे, तो पाखडायला कोणाला सवड नाही, असे त्याला सुचवायचे असते. 'लाट' त्या मानाने तटस्थ आहे. 'सांगत्ये ऐका' (1959) गाजल्यावर तमाशापटांची लाट आली, या विधानात त्या चित्रपटांच्या दर्जाविषयी काहीच म्हटलेले नाही. एकाच्या यशामागे इतर निघाले आणि कधीतरी ते सारे ओसरले, एवढेच त्यातून कळते.

आपल्या उदाहरणात मात्र एक भेद पाहावा लागेल. 'फर्जंद' (2018), 'फत्तेशिकस्त' (2019), 'पावनखिंड' (2022) हे एकाच दिग्दर्शकाच्या योजलेल्या मालिकेतले चित्रपट आहेत, त्यामुळे तेवढ्यांवरून लाट म्हणणे घाईचे ठरले असते. पण 2022 मध्येच 'सरसेनापती हंबीरराव' आणि 'हर हर महादेव' हे इतरांचे चित्रपटही आले, तेव्हा 'लाट' शब्द रास्त ठरतो. 'प्रवाह' मात्र नाही. प्रवाहाला उगम लागतो, मागून येणाऱ्याने आधीच्याशी काही नाते सांगावे लागते आणि त्याला पुढे फाटेही फुटतात. दलित साहित्याला आपण प्रवाह म्हणतो ते याच अर्थाने. त्याला लाट म्हणणे हा अडाणीपणाच होईल. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके होऊ लागली, त्याला तर लोक 'छबिलदास चळवळ' म्हणतात, कारण तेथे माणसे ठरवून एकत्र आली होती.

पुरवणी : वरील विवेचन पटते, मात्र त्यात 'कल' राहून गेला आहे. 'ट्रेंड'साठी कोशात पाहून 'कल' लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि तेथेच वाक्य बिघडते. कल हा ज्याला मन आहे त्याचा असतो. प्रेक्षकांचा कल, निर्मात्यांचा कल ही रचना स्वाभाविक आहे; 'ऐतिहासिक चित्रपटांचा कल' कानाला खटकते, कारण त्यात चित्रपटच कोठेतरी झुकल्यासारखे वाटतात. 'निर्मात्यांचा कल ऐतिहासिक विषयांकडे आहे' असे लिहिले की 'ट्रेंड'वाचून काही अडत नाही.

समाजमाध्यमांवर एखाद्या गाण्याचा तुकडा आठवडाभर ज्याच्या-त्याच्या रीलमध्ये वाजतो, त्याला मात्र 'ट्रेंड'च म्हणावे. ती टूम म्हणावी तर ती काढली कोणी हे सांगता येत नाही, आणि लाट म्हणावी तर ती ओसरल्याचेही कोणाच्या लक्षात येत नाही.