मदत हवी आहे: विहिरीतल्या पाण्याखालचं माप फोटोवरून कसं काढू?

मंडळी, नाशिकजवळ मखमलाबादला आमच्या मळ्यात आजोबांच्या वेळची दगडी विहीर आहे. पाण्याखाली चारेक फुटांवर बांधकामाचा दगड निखळून खबदाड पडलंय. गवंडी म्हणतो, माप द्या, दगड घडवून आणतो. विहीर उपसावी तर द्राक्षबागेला पाणी तिचंच. आणि बुडी मारून टेप लावण्याइतका मी काही पट्टीचा पोहणारा नाही.

म्हणून अ‍ॅक्शन कॅमेरा बांबूला बांधून सोडला. त्याच्या वॉटरप्रूफ केसची काच सपाट आहे. पुढे ५० सेंमीची काठी लावलीय, म्हणजे अंतर पक्कं. कॅमेरा घरी, म्हणजे हवेत, भिंतीवर बुद्धिबळाच्या पटाचा प्रिंट चिकटवून कॅलिब्रेट केला होता (फोटोतलं माप आणि खरं माप यांचं गणित बसवून घेतलं होतं). त्या हिशेबाने रुंदी ५२ सेंमी आली. शंका आली म्हणून ३० सेंमीची स्टीलची पट्टी पाण्याच्या टाकीत धरून मोजली, तर जवळपास ४०! पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.३३, म्हणून सपाट काचेतून वस्तू साधारण तितक्या पट मोठी दिसते, हे नंतर डोक्यात आलं. पण नुसतं १.३३ ने भागून भागत नाही. पट्टी फ्रेमच्या कडेला सरकवली की आकडा आणखी फुगतो.

मग पट्टीच बांबूला आडवी बांधून फोटोत घेतली. दगडाच्या तोंडाशी माप जुळलं. पण खबदाडाची मागची बाजू हातभर आत आहे, तिथलं माप पट्टीच्या मानाने कमीच दिसणार. आता काय करू?

प्रतिसाद १: कॅलिब्रेशन पाण्यातच करा, केससकट. पट लॅमिनेट करून टाकीत वेगवेगळ्या कोनांत धरा, फ्रेमचे कोपरेही भरा. कडेला आकडा फुगतो तोही तिथेच बराचसा पकडला जातो. आतल्या मापासाठी दोन लेझर एकमेकांना समांतर, १० सेंमी अंतरावर, वॉटरप्रूफ करून बसवा. ठिपके मागच्या दगडावर पडले की त्यांच्यातलं १० सेंमी अंतर हीच तिथली पट्टी. समांतर आहेत का, हे टाकीत जवळ आणि लांब असं दोनदा तपासा. हिरवे घ्या, लाल प्रकाश पाण्यात लवकर विरतो. आणि अचूकता किती हवीय?

धागाकर्ता: लेझर एम. जी. रोडला बघतो. अचूकतेचं आत्ताच गवंड्याला फोनवर विचारलं. म्हणाला, "बोटभर इकडंतिकडं चालतंय की, चुन्यात जिरतं." हे आधी विचारायला हवं होतं. तरी लेझर आणणारच आहे.