देणगी विभागातली नोकरी घ्यावी का?

प्रश्न: एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, नागपूरच्या धरमपेठेत राहते. एका संस्थेत देणगीदारांशी संपर्काचं काम मिळतंय. आई म्हणते, "पैसे मागत फिरणार का?" काय करू?

उत्तर १: नक्की घे, ताई. मी अकरा वर्षं हेच करतोय. इतवारीतले एक काका दर दिवाळीला चेक देतात. आधी आमच्या संस्थेतल्या मुलींच्या वह्या मागवतात, चष्मा पुसून दोन पानं वाचतात, मगच सही. यात मागणं कमी, ऐकणं जास्त. आईला सांग, आपलं एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) १९४२ मध्ये रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या दानातूनच उभं राहिलं.

उत्तर २: ८०जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचे नियम, नीट शिका. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसूट नाही. मी एका मावशींना हे आधी सांगितलं नाही, त्या कायमच्या दुरावल्या.

प्रश्नकर्ती: दादा, सोमवारी रुजू होतेय. आईला एलआयटीचं पटलं.