मदत हवी आहे: जुन्या पेट्रोल गाडीत बेल्टची किंचाळी आणि जळका वास, दुखणे एक की दोन?

अमळनेरचा_प्रवासी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे 2007 सालची पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नसून गाडीच्या वयाचा आणि आमच्याकडच्या धुळीचा असावा, असे मला वाटते. तपासणीला उपयोगी पडेल म्हणून रचना तेवढी सांगतो. क्रँक पुलीवरून (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकावरून) दोन बेल्ट जातात. आतला बेल्ट अल्टरनेटर (बॅटरी भरणारे जनित्र) आणि वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा) फिरवतो, बाहेरचा फक्त ए.सी.चा कॉम्प्रेसर. स्टिअरिंग विजेवर चालणारे असल्यामुळे त्याला बेल्ट नाही. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा) वेगळा, कव्हरच्या आत आहे आणि तो शेवटचा कधी बदलला, याची नोंद आधीच्या मालकाकडून मिळालेली नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिली आवाजाची. गाडी अंगणात कडुनिंबाखाली उघड्यावरच उभी असते. सकाळी स्टार्टर मारला की बोनेटखालून किंचाळल्यासारखा सलग आवाज येतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो. हिवाळ्यात, धुळे-अमळनेरकडे थंडीचा कडाका पडतो तेव्हा, तो जास्त लांबतो. गाडी गरम झाल्यावरही हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावले, तर पुन्हा क्षणभर किंचाळते आणि त्याच वेळी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा मंदसा लुकलुकतो. विशेष म्हणजे, एरवी सुरळीत चाललेली असताना नुसता ए.सी. लावला, तर आवाजात जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

दुसरी तक्रार वासाची. सपाट रस्त्यावर, म्हणजे अमळनेरहून धुळ्याला जाता-येता, वास जवळजवळ येत नाही. परंतु चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वर पोहोचलो आणि गाडी थांबवली, की ब्लोअरमधून जळका वास आत येतो. भज्यांच्या गाडीवर कढईच्या काठाला तेल जळून बसते, तसा जड वास आहे. याशिवाय सकाळच्या किंचाळीनंतर कधीकधी रबराचा हलका वास येतो, पण तो लगेच विरतो. तापमानाचा काटा घाटातही मध्यापुढे गेलेला नाही.

आतापर्यंतचे उपचार असे. एका गॅरेजमध्ये आतला बेल्ट नवीन टाकला. काही आठवडे शांतता होती, मग आवाज परत आला. तेथेच बेल्ट आणखी ताणून दिला, तेव्हा किंचाळी कमी झाली, पण घुरघुर सुरू झाली. दुसऱ्या ठिकाणी तो सैल करून त्याला साबण लावून दिला. त्याचा गुण जेमतेम दोन दिवस टिकला. तिसऱ्यांनी बोनेट उघडण्याआधीच कॉम्प्रेसर गेला असल्याचे सांगितले आणि जो आकडा सांगितला, तो ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो.

काढलेला बेल्ट मात्र मी मागून घेतला आहे. त्याच्या आतल्या नाळ्या गुळगुळीत, चकचकीत झाल्या आहेत. एका बाजूची कड फुगून मऊ पडली आहे आणि हाताला चिकट लागते. दुसरी कड ठणठणीत आहे. भेगा कोठेही नाहीत.

उन्हाळ्यात आईला तपासणीसाठी याच घाटातून संभाजीनगरला न्यावे लागते. आमच्याकडे पारा 44-45 अंशांवर असताना घाटात बेल्ट तुटला, तर वॉटर पंपही बंद पडणार, याची मला खरी काळजी आहे. आवाज आणि वास यांचे मूळ एकच आहे का, आणि कॉम्प्रेसरवर खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाना_पेचकस

नमस्कार. मी भुसावळचा आहे आणि गेली बरीच वर्षे जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने दुरुस्त करतो. तुम्ही लक्षणे इतकी नीट लिहिली आहेत, की अर्धे निदान त्यातच झालेले आहे.

आधी कॉम्प्रेसरचा विषय बाजूला करू. दिवे आणि ब्लोअर लावल्यावर किंचाळते आणि ए.सी. लावल्यावर फरक पडत नाही, याचा अर्थ ओझे अल्टरनेटरवर येते तेव्हा बेल्ट घसरतो. स्टार्टर मारल्यावर बॅटरीतून गेलेली वीज भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो, म्हणून सकाळी आवाज येतो आणि बॅटरी सावरली की तो थांबतो. अल्टरनेटरची पुली सगळ्यांत लहान असते आणि तिच्याभोवती बेल्टची मिठीही सर्वांत कमी असते. त्यामुळे घसरण नेहमी तेथूनच सुरू होते. तरीही खात्री करायची असेल, तर बाहेरचा बेल्ट काढून ठेवा आणि एक-दोन दिवस गाडी तशीच वापरा. तुमच्या रचनेत त्यावर कॉम्प्रेसरशिवाय काहीच चालत नाही, त्यामुळे फक्त गारवा मिळणार नाही, बाकी काही बिघडत नाही. ए.सी. बंद असला तरी कॉम्प्रेसरची पुली आपल्या बेअरिंगवर फिरतच असते, म्हणून नुसते बटण बंद करून ही परीक्षा पूर्ण होत नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. आवाज चालू असताना फवाऱ्याच्या बाटलीने आतल्या बेल्टच्या नाळ्यांकडच्या बाजूवर थोडेसे पाणी मारा. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत असे समजावे. पाणी लागताच आवाज वाढला, तर ताण कमी आहे किंवा बेल्ट गुळगुळीत होऊन घसरतो आहे. पुल्यांची रेषा बिघडली असेल, तर आवाज सलग न येता चिमणीसारखा तुटक येतो आणि रेस वाढवली की त्याची चाल वाढते. हे करताना उपरणे, ओढणी, सैल बाह्या बेल्टपासून लांब ठेवाव्यात आणि हात कधीच मध्ये घालू नये.

घुरघुर वेगळी आहे. ती बेअरिंगची असते आणि बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणल्यावर आली, यात नवल नाही. इंजिन थंड आणि बंद असताना दोन्ही बेल्ट उतरवा, अल्टरनेटर आणि वॉटर पंप यांच्या पुल्या हाताने फिरवा आणि वर-खाली हलवून पाहा. खरखर किंवा खेळ जाणवला, तर दोषी सापडला. बेल्ट उतरवलेलेच असताना इंजिन अर्धा मिनिट चालू करून ऐकता येते, पण त्यापेक्षा जास्त नको, कारण पाणी फिरत नाही. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला बारीक भोक असते. त्याभोवती कूलंट वाळल्याचा पांढरट किंवा हिरवट डाग दिसला, तर पंप बदलण्याची वेळ आली आहे.

ताण किती असावा, याचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. ढोबळमानाने, दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबल्यास बेल्ट सेंटीमीटरच्या आतबाहेर दबावा. साबण, पावडर, बाजारात मिळणारा चिकट स्प्रे यांतले काहीही लावू नये. आपल्या काळ्या मातीची धूळ त्यावर बसली की तो लेप पॉलिश पेपरचे काम करतो.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. एकच कड फुगलेली आणि चिकट, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. घसरणीने बेल्ट चकचकीत होतो, पण फुगत नाही. तेल लागल्याने फुगतो. कोठून तरी इंजिन ऑइल बेल्टच्या इंजिनाकडच्या कडेवर येते आहे. ती गळती तशीच असताना नवीन बेल्ट टाकला, म्हणून तो काही आठवड्यांत खराब झाला. जुन्या बेल्टची कोणती कड इंजिनाकडे होती, हे त्यावरच्या अक्षरांच्या दिशेवरून कळते का पाहा.

सातपुड्याचा_वारा

वासाबद्दल थोडे लिहितो. रबराचा वास घसरणाऱ्या बेल्टचा असतो. गोडसर वास कूलंटचा, घाट चढताना येणारा जळक्या कागदासारखा वास बहुधा क्लचचा, आणि प्लास्टिक जळाल्यासारखा तिखट वास वायरिंगचा. हा शेवटचा वास आला, तर गाडी तत्काळ बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि बॅटरीची तार सोडवावी. तेथे तपासणी वगैरे करत बसू नये.

तुम्ही वर्णन केलेला वास गरम मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडणाऱ्या ऑइलचा वाटतो. घाटात इंजिनावर जोर असतो, वेग कमी असल्याने वारा कमी लागतो आणि मॅनिफोल्ड तापते; गाडी थांबली की वाफ वर येते आणि काचेखालच्या जाळीतून ब्लोअर ती आत ओढतो. वास येत असताना बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरवण्याची खटकी लावा. वास कमी झाला, तर तो बोनेटखालचाच आहे. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) झाकणाचे पॅकिंग वयाने कडक होते आणि मागच्या कोपऱ्यातून झिरपते, हे जुन्या गाड्यांत फार नेहमीचे आहे. रात्री टॉर्च आडवी धरून पाहा, ओली रेघ चटकन दिसते.

जाता जाता एक गोष्ट. हंगामात आपल्याकडे लोक दादर (ज्वारी), मका, तूर रस्त्यावरच पसरून ठेवतात. त्यावरून गाडी नेली की काड्या सायलेन्सरच्या वरच्या बाजूला अडकतात आणि पुढे करपतात. याचा वासही लोकांना इंजिनाचा वाटतो. आणि यात नुसता वासच नाही, आगीचाही धोका असतो. म्हणून एकदा गाडीखाली वाकून पाहावे.

अमळनेरचा_प्रवासी

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासले, त्याचा वृत्तान्त देतो.

बाहेरचा बेल्ट काढून गाडी चालवली. सकाळची किंचाळी जशीच्या तशी राहिली. पाणी मारल्यावर आवाज वाढला. इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.5 व्होल्ट आले. स्टार्ट केल्यानंतर शांत असताना 14.1 दाखवत होते, परंतु दिवे आणि ब्लोअर लावल्यावर किंचाळी सुरू होताच आकडा 12.8 पर्यंत उतरला आणि आवाज थांबल्यावर पुन्हा चढला. वॉटर पंपाची पुली अलगद फिरते आणि भोकाभोवती डाग नाही. अल्टरनेटरच्या पुलीला मात्र हाताला खरखर लागते.

टॉर्चने पाहिले तेव्हा झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल मॅनिफोल्डच्या पत्र्यावर उतरलेले दिसले. त्याशिवाय क्रँक पुलीच्या मागे, टायमिंग कव्हरच्या खालच्या काठाला ऑइल आणि धुळीचा बोटभर जाडीचा थर साचलेला आहे. जुन्या बेल्टची फुगलेली कड इंजिनाकडचीच होती. गाडीखाली काड्याही निघाल्या, पण त्या करपलेल्या नव्हत्या. आता गॅरेजमध्ये नेमके काय सांगावे?

पाना_पेचकस

म्हणजे गळत्या दोन आहेत. मागच्या कोपऱ्यातली घाटातल्या वासाची आणि पुढची बेल्टची. झाकणाचे पॅकिंग बदलणे हे स्वस्त आणि थोड्या वेळाचे काम आहे. पुढची गळती क्रँकच्या किंवा कॅमच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलमधून, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीतून असणार, आणि तेथे पोहोचण्यासाठी टायमिंग कव्हर उघडावेच लागते. तुमच्या टायमिंग बेल्टची नोंद नाही, आणि कव्हरच्या आत ऑइल फिरत असेल तर तोही भिजलेला असू शकतो. म्हणून दोन्ही सील, टायमिंग बेल्ट आणि त्याचा ताण धरणारे टेन्शनर बेअरिंग एकाच वेळी बदलून घ्यावे. मजुरी एकदाच पडते. ज्या इंजिनांत बेल्ट तुटल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, त्यांत हे काम पुढे ढकलणे फार महाग पडते.

क्रँक पुली काढलीच आहे, तर तिच्याकडेही बघायला सांगा. काही गाड्यांत ती एकसंध लोखंडाची असते, तर काहींत मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तुमची दुसऱ्या प्रकारची असेल, तर दोन्ही भागांवरून खडूने एक सरळ रेघ ओढावी आणि थोडी गाडी चालवल्यावर ती तुटली आहे का पाहावे. रेघ तुटली, तर रबर सुटले आहे आणि तेलाच्या संगतीने ते सुटतेही.

अल्टरनेटरचे बेअरिंग बदलून मिळते. अख्खा अल्टरनेटर घेण्याची गरज नाही. वळण (तारेचे वेटोळे) आणि रेक्टिफायर (वीज एकदिशी करणारा भाग) बहुधा ठीक असल्याचे तुमचे 14.1 व्होल्ट सांगतात. हे सगळे झाल्यावर पुल्यांच्या नाळ्या पुसून कोरड्या करायच्या आणि शेवटी बेल्ट टाकायचे, आधी नाही. नवीन बेल्ट थोडा बसतो, त्यामुळे काही शे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासून घ्यावा आणि तोपर्यंत घाट टाळावा.

बेल्ट विकत घेताना जुन्याची लांबी मोजून दुसरा मागू नका, कारण तो ताणला गेलेला आणि फुगलेला आहे. त्याच्या पाठीवरचा नंबर पुसला गेला असेल, तर गाडीच्या चेसिस नंबरवरून मागवा आणि एक जादा बेल्ट 12 नंबरच्या पान्यासह डिकीत ठेवा. घाटात बॅटरीचा दिवा पूर्ण पेटून राहिला, तर बेल्ट तुटून वॉटर पंपही थांबलेला असू शकतो, म्हणून तापमानाचा काटा चढण्याची वाट न पाहता गाडी बाजूला घ्या.