व्यंग, व्यंग्य आणि व्यंगचित्र

सायली_ठाणे:
दिवाळी अंकासाठी जॉन कॅलहान या अमेरिकन व्यंगचित्रकारावर लेख लिहिलाय. 1972 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मोटार अपघातात त्याचा मणका गेला. पुढे हातांत थोडीफार हालचाल आली, तेव्हा उजव्या हातात पेन धरून डाव्या हाताने ते रेटत तो चित्रं काढायचा. रेषा थरथरती, विनोद मात्र धारदार. पात्रं बरीचशी त्याच्यासारखीच: आंधळी, थोटी, चाकाच्या खुर्चीतली. मी लिहिलं, 'आपल्या व्यंगाची त्याने व्यंगचित्रं केली.' मुद्रितशोधकांनी 'व्यंगाची'चं 'दिव्यांगत्वाची' केलं आणि पुढे 'व्यंग्यचित्रं'. वाक्यात रामच उरला नाही. कोण बरोबर?

यकार:
दुसरी दुरुस्ती रास्त आहे. व्यंग म्हणजे वि + अंग, एखादा अवयव नसलेला वा अधू असलेला. व्यंग्य आलं वि + अञ्ज् या धातूवरून. संस्कृत काव्यशास्त्रात शब्दाचे तीन अर्थ मानतात, वाच्य, लक्ष्य, व्यंग्य; त्यांतलं हे, म्हणजे थेट न सांगता व्यंजनेने सुचणारा अर्थ. दोघांचं कूळ वेगळं. हिंदीत 'व्यंग्य' अजून टिकून आहे, आपण य गिळला.

बोरीबंदर:
गिळला आणि पचवलाही. 1960 साली 'मार्मिक' निघालं तेच मुळी व्यंगचित्र साप्ताहिक म्हणून. आता कोण जीभ वाकडी करून 'व्यंग्यचित्र' म्हणणार? आणि समाजाचं व्यंग दाखवतं ते व्यंगचित्र, असा अर्थ मला शाळेपासून लागत आलाय. छान लागतो.

यकार:
ही लोकव्युत्पत्ती झाली, म्हणजे नुसत्या सारखेपणावरून लोकांनी लावलेलं मूळ. शि. द. फडणीस आपल्या चित्रांना हास्यचित्रं म्हणतात. त्यांत तुम्ही कुणाचं व्यंग शोधणार?

बोरीबंदर:
म्हणून तर त्यांनी वेगळा शब्द घेतला! तुम्ही माझीच बाजू मांडताय.

नाशिकची_मावशी:
मला 'व्यंग' शब्दच नको वाटतो. आमच्या वेळी मुलगी बघायला आले की हळूच विचारायचे, 'काही व्यंग नाही ना?' चष्मासुद्धा त्यात धरायचे. सायली, 'दिव्यांग' जड वाटत असेल तर सरळ 'अपंगत्व' लिही बाई.

तीनचाकी:
मावशी, मी पोलिओवाला. गावात लंगडा, शाळेत अपंग, सर्टिफिकेटवर विकलांग, आणि 2015 च्या 'मन की बात'नंतर दिव्यांग. पाय तोच आहे. त्यात दिव्य काय ते मला अजून कुणी दाखवलं नाही.

गणपतीत मी वाडीत एकपात्री करतो. त्यात लंगड्याची नक्कल असते. पहिल्यांदा केली तेव्हा लोक हसावं की नाही म्हणून एकमेकांकडे बघत बसले. एका काकांनी तर येऊन समजूत घातली, 'असं स्वतःला लावून घेऊ नकोस रे.' अहो, लावून घेत होतो ते लहानपणी, पोरं मागून माझी चाल काढायची तेव्हा. आता चाल मी काढतो. किती ताणायची, कुठे थांबायचं, कुणाला हसवायचं, हे मी ठरवतो. वर्षभर त्या दहा मिनिटांची जुळवाजुळव डोक्यात चालू असते, दुखणं उगाळायला सवड कुठली!

कॅलहानवरही धडधाकट वाचक खवळून पत्रं लिहायचे. आपण मर्यादा ओलांडली का, हे तो खुर्चीतल्या माणसांच्या प्रतिक्रियेवरून ठरवायचा. 'दिव्यांगत्वाची व्यंग्यचित्रं' वाचून खुर्चीतलं कोण हसेल? ताई, तुमचं वाक्य तसंच ठेवा.

यकार:
भावना पोचली. पण भावनेने य परत येत नाही.

सायली_ठाणे:
तीनचाकी, मनापासून आभार. आता दुसरं अडलंय. त्याचं गाजलेलं चित्र: वाळवंटात घोडेस्वार कुणाचा तरी पाठलाग करत आलेत, समोर नुसती रिकामी चाकाची खुर्ची. म्होरक्या म्हणतो, 'काळजी नको, पायी किती लांब जाणार?' 1989 च्या आत्मकथनालाही त्याने हेच नाव दिलं. 'पायी' ठेवू की 'चालत'?

बोरीबंदर:
'चालत'. 'पायी' म्हटलं की मला वारी आठवते.

तीनचाकी:
'पायी'च. त्यात पाय आहे, 'चालत'मध्ये नाही. आणि वारीला लोक कुबड्या घेऊनही जातात.

यकार:
इथे 'पायी'च योग्य, एकदाचं एकमत. जाता जाता: आयुर्वेदात व्यंग म्हणजे चेहऱ्यावरचे काळसर डाग. त्यावरून आपला 'वांग'. तेव्हा अवयव गेला तरच व्यंग, असंही नाही.

नाशिकची_मावशी:
अय्या, खरंच? माझ्या गालावर दोन्ही बाळंतपणांत वांग आले होते. जायफळ दुधात उगाळून लावायचं.

बोरीबंदर:
आणि भाजीतलं वांगं? तेही व्यंगच का?

यकार:
नाही हो! ते संस्कृत 'वातिंगण'वरून. अनुस्वार दिसला की नातं जोडू नका.

बोरीबंदर:
य दिसला नाही म्हणून तोडायचं, आणि अनुस्वार दिसला तरी जोडायचं नाही. बरंय तुमचं.

लिंबूटिंबू:
जायफळ दुधात नाही, मधात. दुधातलं लहान बाळांच्या झोपेसाठी असतं.

नाशिकची_मावशी:
आमच्याकडे दोन्हीला दूधच. मध चिकटतो, उशीला डाग पडतात.